बसून दाखवा

हनीफभाईंना तुम्ही तुमची उंची सांगितली, तर ते नीट ऐकून घेत, मान डोलावत, आणि कागदावर काहीही लिहीत नसत. मग पायानेच एक लाकडी पाट भिंतीकडे सरकवत आणि म्हणत, "बसून दाखवा." समोर ट्रकचा क्लीनर असो की सर्जन, हुकूम एकच. पाटावर बसायचं, पाठ भिंतीला टेकवायची, आणि हनीफभाई डोक्यावर लाकडी पट्टी आडवी धरून भिंतीवर खडूने रेघ मारणार. मूल रोडवरच्या त्यांच्या कुशनच्या दुकानातली ती भिंत रेघांनी आणि नावांनी भरून गेली होती. चंद्रपुरातली निम्मी प्रतिष्ठित मंडळी त्या भिंतीवर बसलेली होती, आणि त्यातली बरीचशी स्वतः सांगत त्यापेक्षा बुटकी होती.

"पुरुष एक इंच वाढवून सांगते, बाई एक इंच कमी करून सांगते," ते म्हणत. "आन् गाडीले त उभ्या माणसाशी काही घेणंच नाई. गाडीत कोणी उभं राह्यते का?"

मी तेव्हा चंद्रपुरात एका विमा कंपनीत सर्व्हेयर होतो. लोक म्हणत, उभ्या गाडीवर झाड पडलं; मी विचारायचो, झाड कुठंय? म्हणजे संशय घेण्याचाच मला पगार मिळत होता, आणि त्या कामात आपला कोणी हात धरणार नाही असा माझा समज होता. हनीफभाईंची गाठ पडली आणि तो समज एका दुपारीच उतरला.

एका जळालेल्या गाडीच्या सीटा त्यांनी शिवल्या होत्या, म्हणून चौकशीला मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी माझं ओळखपत्र घेतलं, उलटसुलट केलं, फोटोवर अंगठा घासून पाहिला, आणि मला बाहेर उन्हात उभं करून आमच्या ऑफिसला फोन लावला. कार्डावरच्या नंबरावर नव्हे. "कार्डावरचा नंबर त कार्ड छापणाराच टाकते ना," हे त्यांचं म्हणणं. कुठल्याशा गिऱ्हाईकाच्या जुन्या पॉलिसीच्या कागदावरून त्यांनी नंबर काढला होता. आमच्या क्लार्कने सांगितलं की हो, या नावाचा एक माणूस आमच्याकडे आहे. हनीफभाईंनी विचारलं, "दिसते कसा?" क्लार्कने काय वर्णन केलं देव जाणे, पण हनीफभाई फोन कानाला धरूनच माझ्या मागे आले, माझ्या डोक्यावरचं टक्कल त्यांनी निरखून पाहिलं आणि मग मला खुर्ची दिली. चहाही दिला. तो त्यांनी स्वतः स्टोव्हवर केला होता, कारण समोरच्या टपरीवाल्याच्या दुधावर त्यांचा विश्वास नव्हता.

दिसायला किरकोळ माणूस. पांढरी आखूड दाढी, डाव्या कानामागे खडू, शर्टाच्या खिशात दाभण. डोळे मात्र सतत तुमच्या खांद्यामागे काहीतरी शोधत असल्यासारखे. त्यांच्याकडे तीन टेप होते, तीन वेगवेगळ्या गावांतून घेतलेले. एकमेकांशी ताडून पाहता त्यातला एक टेप यार्डामागे दोन सूत आखूड निघाला होता. इंचाचे आठ सूत, त्यातले दोन. तो टेप त्यांनी फेकला नाही; खिळ्याला टांगून ठेवला आणि येणाऱ्या प्रत्येकाला दाखवला. कंपनीचं नाव छापलेलं असूनसुद्धा टेप खोटं बोलतो, तर माणसाचं काय, असा त्या प्रदर्शनाचा मथितार्थ.

एवढा संशय या माणसात आला कुठून, याचा मी माझ्या परीने तपास केला. कुणी भागीदाराने फसवलं असेल, भावाने दगा दिला असेल. काहीही निघालं नाही. त्यांच्या बायकोला, शमीमभाभींना, एकदा विचारलं तर त्या म्हणाल्या, "सासूबाई सांगत होत्या ना, जनमले तवाच दाईकडं असे पाहून राह्यले होते, का ही खरंच दाई हाय का." हनीफभाई बाजूलाच बसून सीट उसवत होते. त्यांनी मान वर करून विचारलं, "हे अम्मीनं तुले कधी सांगतलं?"

त्यांचं मुख्य काम जिप्सीचं. ताडोब्याच्या जंगलात पर्यटकांना फिरवणाऱ्या उघड्या जिप्सी असतात ना, त्यांच्या सीटा. मागच्या बाकांवर बसलेल्यांना पुढच्यांच्या डोक्यावरून वाघ दिसला पाहिजे, म्हणून मागच्या सीटा चढत्या करायच्या. मोहर्लीच्या गेटवर उभ्या असलेल्या बहुतेक जिप्सींच्या सीटा हनीफभाईंच्या हातच्या. स्वतः मात्र ते जंगलात कधी गेले नव्हते. वाघ दाखवतो म्हणणाऱ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता, आणि वाघावर तर नव्हताच.

या जिप्सींपायीच त्यांचं नागपूरच्या एका फोमवाल्याशी कायमचं बिनसलं होतं. अठरा वर्षांचा संबंध. झालं असं की दर हंगामानंतर जिप्सी दुरुस्तीला येत आणि ड्रायव्हरची सीट उजव्या अंगाला दबलेली असे. एक नाही, दोन नाही, सगळ्या. हनीफभाईंनी फोम कापून पाहिला, तुकडे तराजूत टाकून पाहिले, पाण्यात बुडवून पाहिले. शेवटी निकाल दिला की फोमवाला तुकडे जोडून माल देतो, एका कडेला हलका. तो बिचारा गाडी करून चंद्रपूरला आला, कुराणाची शपथ घेतो म्हणाला. हनीफभाई म्हणाले, "शपथ कायले? फोम दाबून दाखव." त्यानंतर दोघं बोलले नाहीत. फोमवाल्याच्या मुलीच्या लग्नालाही हे गेले नाहीत, आणि शमीमभाभींनाही जाऊ दिलं नाही. हे मला तेव्हाही फार वाटलं होतं. पण बोलून उपयोग नव्हता.

अशा माणसाच्या दारात एका मे महिन्यात पिवळी स्पोर्ट्स कार येऊन उभी राहिली.

गाडी होती गुड्डूशेठची. त्यांचे कोळशाचे ट्रक चालत. गाडी दोन सीटांची, जमिनीला पोट लावून चालणारी. आमच्याकडच्या रस्त्यांवर ती चालवायची म्हणजे प्रत्येक गतिरोधकाशी वाटाघाटी. शेठने ती हौसेने घेतली होती, आणि रविवारी नागपूरजवळच्या एका मैदानावर मातीतल्या शर्यती होत्या, तिथे ती उतरवायची होती. चालवणार होती मोहर्लीची जिप्सी ड्रायव्हर, प्रज्ञा. मातीवर हात बसलेला तिच्यासारखा दुसरा कोणी नाही असं शेठला चार जणांनी सांगितलं होतं. अडचण एकच. मुलगी सहा फूट दीड इंच, आणि त्या गाडीत हेल्मेट घालून बसली की डोकं छताला. शर्यतीच्या नियमांच्या कागदावर लिहिलेलं होतं की हेल्मेट आणि छत यांच्यात चार बोटं जागा हवी, नाहीतर गाडी मैदानात सोडणार नाहीत.

"शनिवारपर्यंत सीट खाली झाली पाहिजे," शेठ म्हणाले. "तीन इंच घ्या खाली. ती बसली त ती चालवन, नाई बसली त माझा भाचा चालवते." भाचा बाजूलाच उभा होता. पाच फूट चार इंच, गोलसर, आणि सीट खाली होऊ नये अशीच त्याची इच्छा आहे हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

हनीफभाई म्हणाले, "ड्रायव्हर कुठी हाय?"

"मोहर्लीत. माप मी सांगून राह्यलो ना."

"तुम्ही बसणार हाय का त्या सीटवर? मंग तुमचं माप काय करू?"

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, प्रज्ञा एसटीने आली. दुकानाचं शटर अर्धंच उचललेलं असे; ती सवयीने मान वाकवून आत आली. मूळची सावली गावाची, वडील तिथल्या शाळेत शिपाई. गावात तिला उंचीवरून जेवढं बोलता येईल तेवढं सगळं बोलून झालं होतं, त्यामुळे हनीफभाई टाचेपासून डोक्यापर्यंत तिला न्याहाळत राहिले तरी ती बिचकली नाही. पाटावर बसली. रेघ मारली गेली. भिंतीवरच्या सगळ्या रेघांच्या वर.

मी तिथेच होतो. त्या दिवसांत माझं काम संपलं की मी हनीफभाईंकडे चहाला जाऊन बसे. मी सहज विचारलं, तुला कशाला हवीय गं ही शर्यत? ती म्हणाली, "सर, पाच वर्षं झाले जिप्सी चालवून राह्यली. जंगलात काटा वीसच्या वर जाऊ देता येत नाई. पाच वर्षं वीस! मले एकदा, एकदाच, पाय पुरा दाबून पाहाचा हाय." हे सांगताना तिचा उजवा पाय पाटापुढच्या फरशीवर खरोखर दाबला गेला. मला ती मुलगी तिथेच आवडली.

आता हनीफभाईंची रीत सांगितली पाहिजे. फोमला हात लावण्याआधी ते सीटचा सांगाडा रिकामा करत आणि त्यात एक जाड कापडी पोतं ठेवत. पोत्यात धानाचं तूस, चाळून घेतलेलं, किंचित ओलवलेलं. त्यावर बसून माणसाने अर्धा तास गाडी चालवायची. जिथे भार पडतो तिथून तूस सरकतं आणि बसणाऱ्याचा खळगा तयार होतो. मग हनीफभाई पोत्यावर पट्टी आडवी ठेवून त्या खळग्याची खोली ठिकठिकाणी मोजत आणि त्या आकड्यांवरून फोम कापत. तुसाची कल्पना त्यांची स्वतःची. धानाच्या मुलखात तुसाला काय तोटा.

प्रज्ञा अर्धा तास फिरून आली. हनीफभाईंनी मोजलं आणि त्यांचा चेहरा बदलला. उजवीकडचा खळगा डावीकडच्यापेक्षा सहा सूत खोल होता. त्यांनी पोतं झटकून सारखं केलं आणि तिला पुन्हा पाठवलं. पुन्हा सहा सूत.

"पायाले काही लागलं होतं का?"

"नाई."

"कंबर? पाठ? कधी पडली-गिडली?"

"नाई ना चाचा."

"मंग डाव्या अंगानं बसत काऊन नाई? डाव्या अंगात काहीतरी दुखत असन."

"नाई म्हटलं ना!" ती तडकली. "तुम्ही सीट शिवून राह्यले का पंचनामा करून राह्यले?"

त्यांनी तिला दुकानात चालायला लावलं, स्टुलावर चढायला लावलं, एका पायावर उभं केलं. तिने सगळं केलं, दात-ओठ खात. मी काय करत होतो? मीही तिच्या डाव्या पायाकडेच पाहत होतो, आणि मला तो किंचित ओढल्यासारखा वाटत होता. संशयाने पाहिलं की पाय ओढल्यासारखा दिसतोच. मी हनीफभाईंच्या कानाशी म्हणालो, "लपवत असेल." हे मी म्हणालो. नंतर मी ते कितीदा तरी मनातल्या मनात पुसायचा प्रयत्न केला आहे.

हनीफभाईंनी तिच्यासमोरच शेठला फोन लावला. पाठीमागे बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. म्हणाले, "शेठ, पोरीच्या अंगात काहीतरी खोट हाय. ती सांगून नाई राह्यली. या गाडीत ऐन वेळेवर पाय दगा देईन त जीव जाईन. माझ्या हातानं ही सीट होणार नाई." पलीकडून शेठ काय म्हणाले ते आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं. भाचा चालवेल, विषय संपला.

प्रज्ञाने पिशवी उचलली आणि निघाली. जाताना ती वाकली नाही. शटरची कड तिच्या कपाळावर बसली, चांगला आवाज झाला, पण तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

बुधवारी मी गेलो तेव्हा हनीफभाई काम करत नव्हते. हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. ते पोत्यासमोर बसले होते.

"सर्व्हेयरसाहेब," ते म्हणाले, "खोटं बोलणारा माणूस दुसऱ्या बारीनं विचारलं का कारण देते. तुमचा बी अनुभव हायच. ट्रकवर झाड पडलं म्हणते, दुसऱ्यानं विचारलं का वारा होता म्हणते, तिसऱ्यानं विचारलं का पाऊस बी होता म्हणते. या पोरीनं तीन बारी नुसतं नाई म्हटलं. कारण देल्लंच नाई."

"मग?"

"मंग एक त ती लई पक्की हाय, नाईतर मी चुकलो." मग म्हणाले, "उद्या मले मोहर्लीले नेता का? तिले तिच्या गाडीत बसलेली पाहाची हाय."

गुरुवारी मी त्यांना मोटरसायकलवर मागे बसवून मोहर्लीला नेलं. गेटपाशी दुपारच्या फेरीच्या जिप्सी ओळीने उभ्या होत्या, ड्रायव्हर आणि गाईड कडुनिंबाच्या सावलीत. प्रज्ञाही होती. कपाळावर निळं टेंगूळ. तिने आम्हाला पाहिलं आणि तोंड फिरवलं.

हनीफभाई तिच्याकडे गेलेच नाहीत. ते पहिल्या जिप्सीपाशी थांबले, ड्रायव्हरच्या सीटवर दोन्ही तळवे ठेवून दाबून पाहिलं. मग दुसरी जिप्सी. मग तिसरी. अशा अकरा गाड्या त्यांनी तपासल्या. मग उलटे फिरले आणि ड्रायव्हरच्या शेजारची, गाईडची सीट तपासत आले. गाईडच्या सीटा डाव्या अंगाला दबलेल्या होत्या.

एका म्हाताऱ्या ड्रायव्हरला त्यांनी विचारलं, "भाऊ, तुम्ही सारे वाकडे काऊन बसता?"

तो हसायला लागला. "वाकडे? अरे, पगमार्क पाहतो ना आम्ही! वाघ रस्त्यानंच चालते. धुळीत पंजा उमटला का नाई, ताजा हाय का शिळा हाय, हे बसल्या जागेवरून खाली वाकून पाहा लागते. ड्रायव्हर उजवीकडून पाहते, गाईड डावीकडून. रोज सहा-सात तास. घरी जेवाले बसलो तरी आमची बायको म्हणते, सरळ बसा जरा." आणि त्याने स्टिअरिंगमागे बसून दाखवलं, उजवा खांदा बाहेर, नजर जमिनीवर.

हनीफभाई बघत उभे राहिले. मला वाटलं त्यांना ऊन लागलं. मी पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही. "अठरा वर्षांचा संबंध," ते म्हणाले. "त्या फोमवाल्याले मी चोर म्हटलं. त्याच्या पोरीच्या लग्नाले गेल्लो नाई." मग खिशातून फोन काढला, हातात धरला आणि परत ठेवला. "त्याच्याकडं मंग जाईन. पहिले शेठ."

प्रज्ञा सगळं ऐकत होती. ती जवळ आली. हनीफभाई म्हणाले ते एवढंच, "उद्या दुपारी तीन वाजता दुकानात या, बाई." परवापर्यंत ते तिला अगं-तुगं करत होते.

शेठच्या ऑफिसात मी बरोबर होतो. हनीफभाई उभ्या उभ्याच म्हणाले, "शेठ, मी चुकलो. पोरीच्या अंगात काही खोट नाई. गाडी तिलेच द्या." शेठने चष्मा काढला. हनीफभाईंच्या तोंडून 'मी चुकलो' हे शब्द त्या शहरात आजवर कोणी ऐकलेले नव्हते. शेठ हळूच म्हणाले, "हनीफभाई, पोरगी भेटून गेली का तुमाले? काय द्याचं कबूल केलं तिनं?"

मला एकदम राग आला. मी काहीतरी बोलणार, तोच हनीफभाईंनी माझा हात धरला. ते म्हणाले, "बराबर हाय शेठ. मी तुमच्या जागी असतो त मी बी हेच विचारलं असतं." त्यांच्याजवळ द्यायला पुरावाच नव्हता. जन्मभर दुसऱ्यांकडे पुरावा मागितलेल्या माणसाची ती अवस्था मला बघवेना. शेवटी तेच म्हणाले, "उद्या सांजच्याला तुम्ही मैदानात या. तुम्ही म्हणान तिथी तिनं गाडी थांबवून दाखवली पाहिजे. बाजूच्या सीटवर मी बसतो. पाय चुकला त पहिले माझं डोकं फुटन. आणखी काय देऊ?"

शेठ म्हणाले, "बरं." त्यांनाही बहुधा तो तमाशा पाहायचा होता.

सीट त्यांनी त्या संध्याकाळपासून दुसऱ्या दुपारपर्यंत बसून केली. सांगाड्याचे बोल्ट खाली घेतले, बूड पातळ केलं, पाठ थोडी मागे कलवली आणि मांड्यांना आधार मिळावा म्हणून पुढची कड उचलली. उजवीकडे मात्र त्यांनी कडक फोम भरला. मी म्हटलं, तिला सरळ बसायला शिकवता येणार नाही का? "दोन दिवसांत?" ते म्हणाले. "पाच वर्षांची सवय हाय. ती वाकन, आन् वाकली का तिले काहीतरी लागलं पाहिजे टेकाले." तीन वाजता प्रज्ञा आली, हेल्मेट घालून बसली. हनीफभाईंनी हात आत घालून बोटं मोजली. चार. पुरती चार.

गावाबाहेरच्या मैदानात शेठने स्वतःच्या हाताने चुन्याची रेघ ओढली आणि रेघेपलीकडे भाच्याला उभं केलं. भाच्याला ही व्यवस्था फारशी पसंत नव्हती. हनीफभाई पट्टा बांधून बाजूच्या सीटवर बसले. ओठ हलत होते, म्हणजे बहुतेक दुआ चालली असावी. गाडी लांबून आली. ती काय वेगाने आली ते मला सांगता येणार नाही, मी विमा कंपनीचा माणूस, मी डोळेच मिटले. उघडले तेव्हा पुढची चाकं रेघेच्या अलीकडे वीतभर उभी होती आणि भाचा कुंपणापाशी पोहोचला होता. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा शेठ म्हणाले, "ठीक हाय. रविवारी हीच."

हनीफभाई उतरले आणि सरळ जमिनीवर बसले. जरा वेळाने उठले, शेठ, भाचा, बघायला जमलेली पाचपन्नास माणसं, सगळ्यांच्या देखत प्रज्ञासमोर जाऊन उभे राहिले. त्यांना तिच्या तोंडाकडे पाहायला मान वर करावी लागत होती. म्हणाले, "बाई, मी तुमच्यावर खोटा आळ घेतला. माफ करा."

ती म्हणाली, "चाचा, मले लई राग आला होता. अजून हाय."

"असनच," ते म्हणाले.

"सीट चांगली झाली पण." एवढं बोलून ती पाणी प्यायला गेली. मला तिचं ते उत्तर फार आवडलं. उगीच गळ्यात पडणं नाही, उगीच काही नाही असं म्हणणं नाही.

माझ्याकडून मात्र तिची माफी मागायची राहूनच गेली. 'लपवत असेल' हे माझे शब्द फक्त हनीफभाईंना माहीत होते, आणि त्यांनी ते कधीही, कोणापाशीही काढले नाहीत. नंतर महिन्याभरात माझी कोल्हापूरला बदली झाली. ते फोमवाल्याकडे नागपूरला गेले, हे मला शमीमभाभींकडून फोनवर कळलं. दारात तासभर उभं राहावं लागलं म्हणे, मग त्याने आत घेतलं.

शर्यतीचं म्हणाल तर प्रज्ञा पाचवी आली. तिला नंबराचं काही वाटलं नाही. पाय पुरा दाबला का, असं मी विचारलं तर नुसती हसली. पण मला त्या रविवारचं जे आठवतं ते गाडी सुटण्याआधीचं. हनीफभाई मेकॅनिकचा बिल्ला लावून आत गेले होते. मी कठड्याशी होतो, दहा हातांवर. तपासणी करणाऱ्यांनी पट्टी लावून जागा मोजली होती, ठीक आहे म्हणून सही केली होती. गाडी सुटायच्या जागेवर आली तरी हनीफभाईंनी खिडकीतून हात आत घातला आणि तिच्या हेल्मेटवर चार बोटं आडवी ठेवली. काढली. परत ठेवली. झेंडेवाला ओरडायला लागला. मागच्या गाडीने हॉर्न दिला. त्यांनी तिसऱ्यांदा हात आत घातला आणि तो तिथेच राहिला.

प्रज्ञा त्यांच्याकडे वळून म्हणाली, "चाचा, हात काढा आता. मले जाचं हाय."

मला त्यांचा चेहरा दिसत होता. काहीतरी विचारण्यासाठी त्यांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. मग त्यांनी हात बाहेर घेतला आणि दोन पावलं मागे सरले. गाडी गेली. धुळीत काही दिसेना. धूळ बसली तेव्हा हनीफभाई त्याच जागेवर उभे होते, आणि तो हात, चार बोटं जुळवलेला, अजून तसाच वर होता.